मातीत आहे, पण पिकाला मिळत नाही

मृदा आरोग्य पत्रिका नावाचा कागद आता खेडोपाडी पोहोचला आहे. केंद्र सरकारची ही योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातल्या सुरतगड येथे सुरू झाली. शेतातल्या मातीचा नमुना प्रयोगशाळेत जातो, १२ बाबींची तपासणी होते आणि कागद घरी येतो. त्यावर सामू असतो, क्षारता असते, सेंद्रिय कर्ब असतो, नत्र, स्फुरद आणि पालाश असतात, शिवाय गंधक, जस्त, लोह वगैरे. यातल्या स्फुरदासमोर जो आकडा छापलेला असतो, त्यामागे एका माणसाची पद्धत आहे. कागदावर त्याचे नाव शेतकऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. ते नाव आहे स्टर्लिंग ऑल्सेन.

अमेरिकेच्या कृषी खात्यात काम करणाऱ्या या मृदाशास्त्रज्ञाने कोल, वातानाबे आणि डीन या तीन सहकाऱ्यांबरोबर १९५४ साली १९ पानांची एक पुस्तिका प्रसिद्ध केली. खात्याच्या मालिकेत तिचा क्रमांक ९३९. मराठवाडा, विदर्भ, पश्चिम महाराष्ट्रातल्या काळ्या जमिनींमधला स्फुरद आज याच पुस्तिकेतल्या पद्धतीने मोजला जातो. एका साध्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात आहे. मातीत जे आहे, त्यातले पिकाला खरोखर किती मिळते?

हा प्रश्न ऐकायला सोपा वाटतो. पण तो नीट विचारायला माणसाला शे-सव्वाशे वर्षे लागली.

एका वस्तूची दोन नावे

मी भाषेचा शिक्षक आहे. उर्दू आणि मराठी शिकवतो. म्हणून सुरुवात शब्दापासून करतो.

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘फॉस्फरस’ असतो. खताच्या गोणीवर, कृषी खात्याच्या पत्रकात आणि मृदा पत्रिकेवर ‘स्फुरद’ असतो. वस्तू एकच. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात हेनिग ब्रांड नावाच्या किमयागाराला १६६९ साली मानवी मूत्र आटवताना अंधारात चमकणारा एक पदार्थ मिळाला. तो सोने शोधत होता. हाती आले ते हे. ग्रीक भाषेतल्या ‘प्रकाश वाहणारा’ या अर्थाच्या शब्दावरून त्याला फॉस्फरस हे नाव पडले. मराठीने ‘स्फुर’ या धातूवरून शब्द घेतला. स्फुरण आणि स्फूर्ती हे शब्द याच घरातले. चमकणे, थरथरणे, उसळणे हे त्या धातूचे अर्थ. नाव ठेवणाऱ्याने मोठ्या विचाराने ठेवले आहे.

शेतात मात्र स्फुरद चमकत नाही. तिथे तो प्राणवायूशी बांधलेला, फॉस्फेटच्या रूपात असतो. आपल्या हाडांत आणि दातांत तोच असतो. प्रत्येक पेशीतली आनुवंशिक माहिती ज्या साखळीत लिहिलेली आहे, त्या डीएनएचा कणा त्याच्याशिवाय उभा राहत नाही. पेशी आपली ऊर्जा ज्या एटीपी या रेणूतून खर्च करते, त्याच्या नावातच फॉस्फेट आहे. पिकाला तो कमी पडला की मुळे खुंटतात, फुटवे कमी येतात, पीक उशिरा पक्व होते. मक्याच्या कोवळ्या रोपांची पाने जांभळट दिसू लागतात. नत्र हवेतही भरपूर आहे आणि कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू तो जमिनीत आणून देऊ शकतात. स्फुरदाला असा आकाशातला साठा नाही. तो खडकातून येतो आणि मातीतूनच घ्यावा लागतो.

हाडांपासून सुपर फॉस्फेटपर्यंत

माती आणि खताचा अभ्यास एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात सुरू झाला असे आपण शिकतो. त्याआधीची एक पायरी सांगितली पाहिजे. अकराव्या शतकात अंदलुसमधल्या, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या, तुलैतुला (टोलेडो) शहरात इब्न बस्साल नावाचा शेतीतज्ज्ञ होऊन गेला. त्याने मातीचे दहा प्रकार सांगितले आणि निरनिराळ्या जनावरांच्या खतांचे गुणधर्म नोंदवले. पुढे बाराव्या शतकाच्या अखेरीस इश्बीलियाच्या (सेव्हिल) इब्न अल-अव्वाम याने ‘किताब अल-फिलाहा’ हा मोठा ग्रंथ रचला. फिलाहा म्हणजे शेती आणि फल्लाह म्हणजे शेतकरी. अजानमध्ये ज्या ‘फलाह’कडे आपल्याला बोलावले जाते, तो शब्द याच मूळ अक्षरांपासून बनतो. जमीन फाडणे, नांगरणे हा त्या धातूचा एक अर्थ. कल्याण आणि नांगर यांचे असे नाते एका भाषेने जपले आहे.

पण कबुतराच्या विष्ठेने पीक का सुधारते, हे त्या काळी कोणी सांगू शकत नव्हते. त्यासाठी रसायनशास्त्राची वाट पाहावी लागली. १८४० साली युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचा शेतीच्या रसायनावरचा ग्रंथ आला. वनस्पती मातीतून खनिज द्रव्ये घेते आणि पिकाबरोबर जेवढे जाते तेवढे परत दिले पाहिजे, असे त्याने ठासून मांडले. हाडांवर गंधकाम्ल टाकले तर ती लवकर विरघळतील, हेही सुचवले. इंग्लंडच्या जॉन लॉज याने १८४२ साली फॉस्फेटवर गंधकाम्लाची प्रक्रिया करून खत बनवण्याचे पेटंट घेतले. सुपर फॉस्फेटचा उद्योग सुरू झाला. पुढच्याच वर्षी लॉज आणि गिल्बर्ट यांनी रॉथॅमस्टेड येथे शेतीचे प्रयोग सुरू केले. त्यातले काही आजही चालू आहेत.

लीबिगने नंतर स्वतःचे एक खत बाजारात आणले. त्यात पोटॅश आणि फॉस्फेट होते. पावसाने वाहून जाऊ नयेत म्हणून ती द्रव्ये एकत्र वितळवून त्यांचे न विरघळणारे मिश्रण केले होते. खत सपशेल फसले. हिशोब बरोबर होता, द्रव्ये पुरेपूर होती. पण ती विरघळतच नव्हती, म्हणून मुळांना घेता येत नव्हती. आपल्या काळातल्या सर्वांत मोठ्या रसायनशास्त्रज्ञाला जमिनीने असे उत्तर दिले.

आपल्या देशाचा या कथेशी पहिला संबंध दुःखाचा आहे. डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर हे इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ १८८९ साली भारतात पाठवले गेले. देशभर फिरून त्यांनी लिहिलेला भारतीय शेतीच्या सुधारणेवरचा अहवाल १८९३ साली प्रसिद्ध झाला. हिंदी शेतकरी अडाणी नाही, अनेक बाबतींत तो इंग्लंडच्या सरासरी शेतकऱ्याच्या बरोबरीचा आहे, असे त्यांनी स्वच्छ नोंदवले. त्यांची चिंता वेगळी होती. शेण चुलीत जात होते. तेलबिया आणि हाडे बंदरांतून परदेशी जात होती. म्हणजे जमिनीचा कसच जहाजात भरला जात होता. त्यातला स्फुरद परक्या शेतांत पडत होता.

‘बहुधा’ हा शब्द

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मातीत एकूण स्फुरद किती हे काढणे अवघड नाही. माती तीव्र आम्लात उकळायची आणि मोजायचे. पण या आकड्याचा शेतकऱ्याला उपयोग नसतो. एक हिशोब करून पाहू. एक हेक्टर शेताचा वरचा सुमारे १५ सेंटीमीटरचा थर धरला तर मातीचे वजन २० लाख किलोच्या आसपास भरते. तिच्यात एकूण स्फुरद ०.०५ टक्के जरी धरला तरी तो १००० किलो होतो. एवढ्यावर कित्येक पिके निघायला हवीत. प्रत्यक्षात त्याच शेताच्या पत्रिकेवर उपलब्ध स्फुरद हेक्टरी १० किलो लिहिलेला असू शकतो. शंभरातला एक भाग.

बाकीचा ९९ भाग कुठे आहे? तो मातीच्या खनिजांत अडकलेला आहे. काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत तो चुन्याशी, म्हणजे कॅल्शियमशी बांधला जातो. कोकणातल्या तांबड्या, जांभ्या जमिनीत लोह आणि ॲल्युमिनियम त्याला धरून ठेवतात.

बर्नार्ड डायर या इंग्रज रसायनतज्ज्ञाने १८९४ साली यावर एक सुंदर कल्पना लढवली. मुळांचा रस आंबट असतो, तेव्हा तेवढ्याच आंबट द्रावणात माती भिजवली तर मूळ जेवढे काढू शकते तेवढेच बाहेर येईल. त्याने अनेक वनस्पतींच्या मुळांच्या रसाची आम्लता मोजली आणि एक टक्का सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबातले आम्ल, निवडले. रॉथॅमस्टेडच्या सातूच्या प्रयोगातली माती घेऊन ते तपासले. आपल्या लेखाच्या शीर्षकात त्याने ‘बहुधा उपलब्ध’ असा शब्द वापरला. शास्त्रज्ञाच्या लेखणीतला हा ‘बहुधा’ मला फार आवडतो. मी वनस्पतीच्या जागी उभा राहून अंदाज करतो आहे, मी वनस्पती नाही, हे त्या एका शब्दात त्याने सांगून टाकले.

पुढे अमेरिकेतल्या इलिनॉय येथे रॉजर ब्रे आणि टूबी कुर्ट्झ यांनी १९४५ साली अमोनियम फ्लोराइड आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे द्रावण दिले. फ्लोराइड ॲल्युमिनियमला पकडते आणि स्फुरद मोकळा होतो. आम्लधर्मी जमिनींसाठी ही पद्धत उत्तम ठरली. मात्र चुनखडीच्या जमिनीत आम्ल टाकले की चुना ते गिळून टाकतो. फसफस होते, आम्लाची ताकद संपते. किंवा आम्ल तीव्र असेल तर पिकाला कधीच न मिळणारा स्फुरदही विरघळवून बाहेर आणते. दोन्हीकडून आकडा खोटा.

खाण्याच्या सोड्याचे द्रावण

ऑल्सेन यांचे काम कोलोरॅडो राज्यातल्या फोर्ट कॉलिन्स येथे चालत असे. अमेरिकेच्या पश्चिमेकडचा हा कमी पावसाचा प्रदेश. पाऊस कमी म्हणून चुना वाहून जात नाही, माती चुनखडीयुक्त आणि अल्कधर्मी राहते. आपल्या दख्खनच्या काळ्या जमिनींची अडचणही हीच. त्यामुळे तिथे सापडलेले उत्तर इथे लागू पडले.

आम्ल चालत नाही, मग उलट्या बाजूने का जाऊ नये? ऑल्सेन आणि सहकाऱ्यांनी सोडियम बायकार्बोनेट घेतले. म्हणजे आपला खाण्याचा सोडा. एक लिटर पाण्यात ४२ ग्रॅम, आणि सामू बरोबर ८.५. या द्रावणातला कार्बोनेट मातीतल्या विरघळलेल्या कॅल्शियमला धरतो आणि त्याचा चुना बनवून खाली बसवतो. कॅल्शियम बाजूला झाले की त्याच्याशी सैल बांधलेला स्फुरद सुटून पाण्यात येतो. घट्ट बांधलेला तसाच राहतो. मुळेही श्वसनातून कर्बवायू सोडतात आणि त्यांच्याभोवती बायकार्बोनेट तयार होतो. म्हणजे द्रावण निसर्गाच्या फार दूर नव्हते.

प्रयोगशाळेतले काम असे चालते. अडीच ग्रॅम माती, ५० मिलिलिटर द्रावण, बरोबर ३० मिनिटे हलवायचे. काळ्या मातीतला सेंद्रिय पदार्थ द्रावणाला तपकिरी रंग देतो, म्हणून चिमूटभर शुद्ध कोळसा टाकायचा आणि गाळायचे. मग मॉलिब्डेनमयुक्त द्रावण टाकले की स्फुरदाच्या प्रमाणात निळा रंग येतो. जितका गडद निळा तितका स्फुरद जास्त. या रंगासाठी आज सर्रास वापरली जाणारी कृती मर्फी आणि रायली यांनी १९६२ साली समुद्राच्या पाण्यासाठी शोधली होती. ती मातीच्या या द्रावणाला चालते, हे वातानाबे आणि ऑल्सेन यांनी १९६५ साली दाखवले. कोणाचा शोध कुठे कामाला येईल, सांगता येत नाही.

यात एक मेख आहे. तापमान वाढले की द्रावणात स्फुरद जास्त उतरतो. म्हणून खोली २५ अंशांच्या आसपास ठेवावी लागते. मे महिन्यात मराठवाड्यातल्या एखाद्या खोलीत पंख्याखाली ही तपासणी झाली, तर तीच माती जास्त स्फुरद दाखवेल. पत्रिकेवरचा आकडा वाचताना हे ध्यानात असावे.

आणि नुसता आकडा काढून भागत नाही. १० हा आकडा चांगला की वाईट, हे पिकालाच विचारावे लागते. निरनिराळ्या जमिनींत पीक घेऊन, खत देऊन आणि न देता, आकडा आणि उत्पादन यांचा मेळ घालावा लागतो. सुदैवाने त्याच काळात किरणोत्सर्गी स्फुरद संशोधकांच्या हाती आला होता. त्याचे अर्धे आयुष्य सुमारे १४ दिवसांचे. खतात तो मिसळला की पिकातला किती स्फुरद खतातून आला आणि किती मातीतून, हे वेगळे सांगता येऊ लागले. ऑल्सेन पद्धत या कसोट्यांवर उतरली, म्हणून टिकली.

मुळापर्यंतचा प्रवास

ऑल्सेन एवढ्यावर थांबले असते तरी त्यांचे नाव राहिले असते. पण त्यांनी आणखी तीन प्रश्न धरले, आणि शेतकऱ्याला तेही तितकेच लागतात.

पहिला : माती स्फुरद किती गिळू शकते? वायू एखाद्या पृष्ठभागावर कसा चिकटतो याचे एक समीकरण आयर्विंग लँगम्यूर यांनी मांडले होते. ऑल्सेन आणि वातानाबे यांनी १९५७ साली ते मातीला लावले आणि कोणती माती कमाल किती स्फुरद धरून ठेवेल हे काढण्याची रीत दिली. भारी जमिनीची भूक मोठी आणि हलक्या जमिनीची लहान. एकाच मापाचे खत दोन्हींना एकसारखे लागू पडत नाही, ते यामुळे.

दुसरा : सुटलेला स्फुरद मुळापर्यंत जातो कसा? नायट्रेट पाण्याबरोबर वाहत मुळाशी येते. स्फुरद तसा येत नाही. तो मातीच्या कणांवरच्या पाण्याच्या पातळ थरातून इंच इंच नव्हे, मिलिमीटर मिलिमीटरने सरकतो. ऑल्सेन, केंपर आणि जॅक्सन यांनी १९६२ साली या प्रवासाचा अभ्यास प्रसिद्ध केला. मातीतला ओलावा घटला की पाण्याची ती पायवाट तुटते आणि स्फुरद जागीच थांबतो. जुलैमध्ये पावसाने दोन-तीन आठवडे दडी मारली की सोयाबीन नुसते तहानलेले नसते, उपाशीही असते. स्फुरद मुळापासून बोटभर अंतरावर असूनही.

म्हणूनच जुन्या शेतकऱ्यांची दोन चाड्यांची पाभर शहाणपणाची आहे. एका चाड्यातून बी, दुसऱ्यातून खत. खत बियाण्याच्या शेजारी, जरा खाली पडते. मुळाला लगेच सापडते. तेच खत वर फोकून दिले तर बराचसा स्फुरद मुळांपासून दूर, मातीला चिकटून बसतो.

तिसरा : जास्त झाला तर? स्फुरद फार साठला की पिकाला जस्त कमी पडू शकते. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या अशा परस्परसंबंधांवर ऑल्सेन यांनी १९७२ साली विस्ताराने लिहिले. एक पोषक दुसऱ्याची वाट अडवतो. ‘खत जास्त, पीक जास्त’ हा हिशोब इथे मोडतो.

‘वो गया किधर?’

भारतात माती तपासणीचे काम संघटितपणे सुरू झाले ते १९५५-५६ साली. भारत आणि अमेरिका यांच्यातल्या करारानुसार सुरुवातीला १६ प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. ऑल्सेन यांची पद्धत आपल्याकडे रुळली आणि तिच्या आकड्यांना भारतीय मर्यादा ठरल्या. हेक्टरी १० किलोच्या खाली स्फुरद असेल तर कमी, १० ते २५ मध्यम, २५ च्या वर जास्त. कोकणातल्या आम्लधर्मी जमिनींना ब्रे यांची पद्धत लागते. त्यामुळे रत्नागिरीच्या पत्रिकेवरचा आकडा आणि परभणीच्या पत्रिकेवरचा आकडा शेजारी ठेवून तुलना करू नये. दोन्हींचे माप वेगळे.

मी आठवी-नववीच्या मुलांना भाषांतराचा सराव म्हणून घरची मृदा पत्रिका आणायला सांगतो. मराठी मजकूर उर्दूत आणायचा. मुलांना फॉस्फरसचे चिन्ह पाठ असते, पण गोणीवरच्या १८:४६:० मधला मधला आकडा म्हणजे तोच फॉस्फरस, हे वर्गात पहिल्यांदा कळते. त्यांचे चेहरे पाहण्यासारखे असतात. विज्ञानाचे पुस्तक आणि बापाचे शेत एकदम एका रेषेत येतात.

एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी मला विचारले होते, “सर, हर साल डीएपी डालता मैं. इसमें लिखे, फॉस्फरस कम है. वो गया किधर?” हा प्रश्न लीबिगच्या फसलेल्या खतापासून ऑल्सेनपर्यंतचा सगळा इतिहास एका वाक्यात विचारतो. उत्तर असे, की तो फारसा कुठे गेलेला नाही. टाकलेल्या स्फुरदातला सर्वसाधारणपणे पाचवा हिस्सा किंवा त्याहून कमी त्या हंगामाच्या पिकाला मिळतो. बाकीचा शेतातच आहे, चुन्याने धरून ठेवलेला. रॉथॅमस्टेडच्या एका शेतात १९०१ नंतर स्फुरद देणे थांबवले, तरी आधीच्या ४५ वर्षांत साठलेला स्फुरद पुढे कित्येक दशके पिकांना थोडा थोडा मिळत राहिला. शेणखत, कंपोस्ट, स्फुरद विरघळवणारे जिवाणू आणि मुळांना जोडून वाढणारी बुरशी ही अडकलेला स्फुरद सोडवण्याची साधने आहेत. ती खताची जागा पूर्ण घेत नाहीत, पण गोणीचा पैसा वाया जाऊ देत नाहीत.

आणखी एका घोळाकडे लक्ष वेधतो. गोणीवरचा ४६ हा आकडा शुद्ध स्फुरदाचा नसून त्याच्या ऑक्साइडच्या रूपातला आहे. शुद्ध स्फुरद काढायला त्याला ०.४४ ने गुणावे लागते. म्हणजे ५० किलोच्या डीएपीच्या गोणीत गोणीवरच्या हिशोबाने २३ किलो, पण शुद्ध स्फुरद सुमारे १० किलोच. आपल्या पत्रिकेवरचा आकडा कोणत्या रूपात आहे हे प्रयोगशाळेला विचारावे. नाहीतर कमी असलेला स्फुरद मध्यम वाटतो किंवा उलट.

गोणी कुठून येते

हा हिशोब घरापुरता नाही. राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटडा येथे फॉस्फेटच्या खडकाची खाण आहे, पण देशाची गरज त्यावर भागत नाही. आपण खडक, फॉस्फोरिक आम्ल आणि तयार डीएपी मोठ्या प्रमाणावर बाहेरून आणतो. जगातल्या ज्ञात साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के साठा एकट्या मोरोक्कोच्या नावावर मोजला जातो आणि त्यात वादग्रस्त पश्चिम सहाराचा भागही येतो. तिकडे भाव हलला की इकडे पेरणीच्या तोंडावर दुकानापुढे रांग लागते. प्रशांत महासागरातल्या नाऊरू बेटाने आपला फॉस्फेट विकून विकून बेटाचा मधला भाग उजाड करून घेतला. खडकातला स्फुरद तयार व्हायला लाखो वर्षे लागतात. तो संपला तर त्याला पर्याय नाही. दुसरे कोणतेही मूलद्रव्य पेशीत त्याचे काम करीत नाही.

व्होल्करच्या काळी आपली हाडे परदेशी जात होती. आज दुसऱ्यांचा खडक आपण विकत आणतो आणि त्यातला मोठा भाग आपल्याच चुनखडीत अडकवून ठेवतो. वाहून गेलेल्या मातीबरोबर तलावात पोहोचलेला स्फुरद तिथे शेवाळ माजवतो, ते वेगळेच.

शिक्षक म्हणून या इतिहासात मला सर्वांत जवळची वाटते ती ऑल्सेन यांची भूमिका. मातीत किती आहे, हे जमीनदाराच्या नजरेने मोजणे झाले. मुळाला किती मिळते, हे मुळाच्या बाजूने मोजणे झाले. आपल्या समाजात शाळा आहेत, योजना आहेत, शिष्यवृत्त्या आहेत, असे आकडे सांगितले जातात. ते खोटे नसतात. पण एकूण किती आहे हे सांगणारा अहवाल आणि पोरापर्यंत किती पोहोचले हे सांगणारा अहवाल, यांत शंभरास एक असा फरक पडू शकतो. मृदा पत्रिका हेच एक उदाहरण. ती घरात आहे. वाचणारा नसेल, किंवा ती ज्या मराठीत लिहिली आहे ती घरच्या बोलीपासून दूर असेल, तर ती भिंतीच्या खिळ्याला टांगलेली राहते आणि बाप दुकानदार सांगेल ती गोणी उचलतो.

म्हणून माझी वाचकांना, विशेषतः खेड्याशी नाते असलेल्या तरुणांना विनंती आहे. रब्बीचे पीक निघाल्यावर शेत मोकळे असते. त्या दिवसांत आपल्या किंवा नातेवाइकांच्या शेतात आठ-दहा ठिकाणी नागमोडी फिरून, इंग्रजी व्ही अक्षरासारखे वीतभर खड्डे घेऊन माती काढा. बांध, झाडाची सावली आणि उकिरड्याची जागा टाळा. नुकतेच खत दिलेल्या शेतातली माती घेऊ नका. सगळी माती एकत्र करून, चार भाग पाडून, समोरासमोरचे दोन ठेवत अर्धा किलोपर्यंत आणा आणि सावलीत वाळवून तपासायला द्या. पत्रिका आली की ती घरात मोठ्याने वाचा, ज्या भाषेत आईबाप बोलतात त्या भाषेत. स्फुरदाच्या ओळीवर थांबा आणि मग यंदा गोणी किती लागेल, ते ठरवा.